गेम बॉयचा चौथा खेळ : जपानी माहजाँगचे जुने व्हिडिओ गेम आणि बाहेरचा खेळाडू (धागा)

२१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये निन्टेंडोचा गेम बॉय विक्रीस आला. त्या दिवशी त्याच्यासोबत दुकानांत चार खेळ होते : सुपर मारिओ लँड, अ‍ॅलीवे, बेसबॉल आणि याकुमान. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात हे यंत्र अमेरिकेत पोहोचले तेव्हा पहिले तीन खेळ सोबत होते, चौथा नव्हता. टेट्रिस आणि टेनिस मात्र यादीत आले होते. गेम बॉय म्हटले की आज साऱ्या जगाला टेट्रिस आठवतो. याकुमान हा माहजाँगचा खेळ होता, आणि तो जपानबाहेर कोणाला आठवण्याचे कारणच उरले नाही.

व्हिडिओ गेम्सचा जो इतिहास इंग्रजीत लिहिला गेला आणि तिथून इतर भाषांत झिरपला, तो बहुतांशी निर्यात झालेल्या खेळांचा इतिहास आहे. पॅकमॅन, डाँकी काँग, मारिओ ही नावे बंदरातून बाहेर पडली म्हणून नोंदली गेली. जी बाहेर पडली नाहीत, त्यांत माहजाँगच्या खेळांचा ढीग फार मोठा आहे. १९८० आणि १९९० च्या दशकांत जपानमध्ये निघालेले घरगुती यंत्र घ्या, संगणक घ्या किंवा आर्केडमधली पेटी घ्या, माहजाँग तिथे हमखास सापडतो. एका संपूर्ण देशाने दोन दशके जे खेळले, ते सरसकट इतिहासांत एखाद्या तळटीपेइतकेही नसावे, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याला खटकायला हवी.

या ढिगाकडे आता जपानबाहेरची काही माणसे वळली आहेत. त्यांना जपानी वाचता येत नाही. कधी टोकियोच्या माहजाँगघरात बसण्याचा प्रसंग आलेला नसतो. तरीही जुने कार्ट्रिज किंवा एम्युलेटर घेऊन ती रात्री जागवतात. या आनंदाचे मूळ कशात आहे, हा प्रश्न गमतीचा वाटला तरी वाटतो तितका हलका नाही.

आधी एक गैरसमज दूर करणे भाग आहे. बाहेरच्या जगात संगणकावरचा ‘माहजाँग’ म्हणजे ढीग रचलेल्या सोंगट्यांतून सारख्या दोन शोधून काढण्याचा एकट्याचा खेळ, अशी समजूत पक्की आहे. तो खेळ मूळ माहजाँग नव्हेच. ब्रॉडी लॉकार्ड या अमेरिकन तरुणाला १९७९ साली जिम्नॅस्टिक्सच्या सरावात अपघात झाला आणि मानेखालचे शरीर निकामी झाले. तोंडात काडी धरून कळा दाबत त्याने प्लेटो या संगणकप्रणालीवर १९८१ साली हा जोड्यांचा खेळ लिहिला. पुढे १९८६ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने तो ‘शांघाय’ या नावाने बाजारात आणला. लॉकार्डचे काम थोर आहे, यात शंका नाही. परंतु त्याच्या यशामुळे एक विचित्र गोष्ट घडली : सोंगट्या जगभर पोहोचल्या आणि खेळ मागेच राहिला.

मूळ खेळ चीनचा, एकोणिसाव्या शतकातला. जपानी साहित्यात त्याचा आरंभीचा उल्लेख नात्सुमे सोसेकी यांच्या १९०९ सालच्या मांचुरिया-कोरियाच्या प्रवासवर्णनात येतो. १९२० च्या दशकात जपानी शहरांतून माहजाँगचे क्लब उभे राहिले. १९२९ साली जपान माहजाँग महासंघ स्थापन झाला आणि त्याचे पहिले अध्यक्षपद कादंबरीकार किकुची कान यांच्याकडे गेले. हेच किकुची पुढे १९३५ मध्ये अकुतागावा आणि नाओकी ही जपानमधील दोन प्रतिष्ठित साहित्यपारितोषिके सुरू करणारे. साहित्य आणि माहजाँग यांचे हे नाते पुढे पुन्हा भेटणार आहे.

खेळाचे नियम थोडक्यात असे. सोंगट्या १३६ : चौतीस प्रकार, प्रत्येकाच्या चार. वर्तुळे, बांबू आणि अक्षरे असे तीन रंग, प्रत्येकात एक ते नऊ. त्याखेरीज चार दिशांचे वारे आणि पांढरा, हिरवा, तांबडा हे तीन ‘ड्रॅगन’. खेळाडूच्या हाती तेरा सोंगट्या असतात. पाळी आली की एक उचलायची, एक टाकायची. चौदाव्या सोंगटीने चार त्रिकुटे आणि एक जोडी पूर्ण झाली की डाव जिंकला. आपल्याकडे रमी खेळणाऱ्याला इतके पाच मिनिटांत समजते. पण जपानी पद्धतीत एवढ्याने भागत नाही. पूर्ण झालेल्या हातात ‘याकु’ म्हणजे मान्यताप्राप्त रचना असावी लागते. अशा रचना चाळीसच्या आसपास आहेत, आणि एकही नसेल तर चारी त्रिकुटे जमूनही हात निरुपयोगी ठरतो. सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत महाग रचनांना ‘याकुमान’ म्हणतात. गेम बॉयच्या त्या खेळाचे नाव तिथून आले.

जुना माहजाँग गेम प्रथम सुरू करणारा बाहेरचा माणूस नेमका इथे अडतो. हात पूर्ण झालेला डोळ्यांना दिसतो आणि यंत्र जिंकू देत नाही. कारण पडद्यावर कुठेही लिहिलेले नसते. असलेच तर जपानीत. १९८३ चे यंत्र समजावून सांगत नाही, कारण ज्याच्यासाठी ते बनवले त्याला समजावण्याची गरजच नव्हती. तो वडिलांकडून, कॉलेजच्या वसतिगृहात किंवा कचेरीतल्या सहकाऱ्यांकडून सारे शिकून आलेला असे. आजच्या खेळांत पहिला अर्धा तास बोट धरून चालवण्यात जातो. जुन्या जपानी माहजाँगमध्ये खेळाडू एकदम भर मैफलीत जाऊन पडतो.

याहून मोठी ठेच ‘फुरितेन’ या नियमाची. जपानी पद्धतीत प्रत्येकाने टाकलेल्या सोंगट्या त्याच्याच समोर, सहा-सहांच्या ओळींत, टाकल्या त्या क्रमाने मांडलेल्या राहतात. जी सोंगटी आपल्याला जिंकण्यासाठी हवी आहे ती आपण पूर्वी स्वतःच टाकलेली असेल, तर दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर जिंकता येत नाही. वरवर हा नियम जाचक वाटतो. पण त्यामुळेच टाकलेल्या सोंगट्यांची ती रांग विश्वसनीय पुरावा बनते. प्रतिस्पर्ध्याने जे टाकले ते माझ्याकडून त्याला चालणार नाही, ही खात्री देता येते. आरंभी काय टाकले, कोणता रंग राखून ठेवला, कोणत्या क्षणी सुर बदलला, यावरून मिटलेल्या हाताचा अंदाज बांधायचा. बखरीत काय सांगितले आहे याबरोबर काय वगळले आहे तेही वाचण्याची ज्याला सवय आहे, त्याला हा खेळ फार लवकर आपलासा वाटतो.

युद्धोत्तर जपानमध्ये माहजाँग ही कारकून, विद्यार्थी, पत्रकार यांची रात्रीची करमणूक झाली. ‘जानसो’ म्हणजे माहजाँगघरे गल्लोगल्ली होती. या जगाचा लेखक म्हणजे आसादा तेत्सुया. ‘पहाट झाली, रात्र जागून काढली’ या जपानी शब्दांवरची कोटी म्हणजे त्यांचे टोपणनाव. त्यांची ‘माजान होरोकी’ ही युद्धानंतरच्या उद्ध्वस्त टोकियोतील जुगारी तरुणाची कादंबरी १९६९ पासून साप्ताहिकात क्रमशः आली आणि १९८४ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. याच लेखकाने इरोकावा ताकेहिरो या खऱ्या नावाने लिहिलेल्या कथेला १९७८ मध्ये नाओकी पारितोषिक मिळाले, म्हणजे महासंघाच्या पहिल्या अध्यक्षांनी सुरू केलेलेच पारितोषिक.

माहजाँगला एक अडचण कायमची चिकटलेली आहे : चार माणसे लागतात. तीन असली की चौथ्याची वाट पाहावी लागते. व्हिडिओ गेमने या अडचणीवर बोट ठेवले.

१९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्सनंतर जपानी कॉफीगृहांत काचेच्या पृष्ठभागाखाली पडदा असलेली टेबले आली होती. त्या टेबलांना नवा खेळ हवा होता. १९८१ साली अल्फा देन्शी या कंपनीचा ‘जानप्यूटर’ आला. माहजाँगमधल्या ‘जान’ला कॉम्प्युटरचे शेपूट जोडून बनवलेले नाव. खेळाडू एक, प्रतिस्पर्धी यंत्र. चौघांचा खेळ दोघांवर आणला गेला. खरे तर ही खेळाची मोडतोडच होती : चौघांत जी वाटाघाट, जे दबाव आणि जे मूक करार असतात ते दोघांत उरत नाहीत. पण जेवणाच्या सुट्टीत एकटाच कॉफी पीत बसलेल्या कारकुनाला तेवढे पुरेसे होते. त्यानंतर आर्केडमध्ये दोघांचा माहजाँग हाच प्रघात पडला.

या यंत्रांची कळफळी पाहण्यासारखी असते. कांडीऐवजी एका ओळीत चौदा बटणे, त्यांवर रोमन ए ते एन ही चौदा अक्षरे. पडद्यावर हातातल्या चौदा सोंगट्यांखाली तीच अक्षरे. जी टाकायची तिच्या खालचे अक्षर दाबायचे. शिवाय चि, पोन, कान, रिईची, रोन यांसाठी वेगळी बटणे. संपूर्ण जपानी अशा या वस्तूवर बाहेरच्या माणसाला वाचता येण्यासारखे जे काही होते ते म्हणजे ही चौदा अक्षरे, आणि ती त्याच्यासाठी लिहिलेली नव्हती.

घरगुती यंत्रांतही माहजाँग लगेच शिरला. फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी आला आणि २७ ऑगस्टला त्याच्यासाठी निन्टेंडोचा ‘माजान’. हानाफुदा पत्ते छापण्यासाठी १८८९ मध्ये क्योतोत स्थापन झालेल्या कंपनीला हा विषय परका असण्याचे कारण नव्हते. या कार्ट्रिजच्या वीस लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. फॅमिकॉम म्हणजे मुलांचे खेळणे, ही प्रतिमा या आकड्यापुढे डळमळते. मुले झोपल्यावर त्या पेटीसमोर कोण बसत होते, हे सांगायला नको.

तंत्राच्या अंगानेही तो खेळ अभ्यासण्याजोगा आहे. फॅमिकॉमचा पडदा २५६ ठिपके रुंद. सोळा ठिपके रुंदीच्या चौदा सोंगट्या म्हणजे २२४ ठिपके; दोन्ही बाजूंना थोडी जागा उरते आणि हात एका ओळीत बसतो. त्या काळच्या साध्या कार्ट्रिजची क्षमता फार तर ४० किलोबाइट, त्यात चौतीस प्रकारच्या सोंगट्यांची चित्रे, गुणांचा क्लिष्ट हिशेब आणि प्रतिस्पर्ध्याची बुद्धी कोंबायची. चौघांचा डाव फॅमिकॉमवर १९८४ मध्ये हडसन कंपनीने रचलेल्या ‘योनिन-उची माजान’ने आणला. गेम बॉयचा पडदा तर १६० ठिपक्यांचाच, आणि त्यावर करड्या-हिरव्या चार छटा. तिथे तांबडा ड्रॅगन तांबडा नाही नि हिरवा हिरवा नाही. रंग गेल्यावर उरते ते सोंगटीवरचे अक्षर, आणि ते वाचता आले नाही तर डाव थांबतो.

तेव्हा अक्षरे शिकणे आले. अमेरिकेत गेलेल्या माहजाँगच्या सोंगट्यांवर कोपऱ्यात रोजच्या वापरातले आकडे कोरले गेले. जपानी सोंगट्यांवर ते नसतात. वर्तुळे आणि बांबू मोजता येतात. बांबूच्या एक्क्यावर मात्र पक्षी काढलेला असतो, आणि नवशिका त्याला काही भलतेच समजतो. अक्षरांच्या रंगात चिनी लिपीतले एक ते नऊ ओळखावे लागतात. एक, दोन, तीन म्हणजे एक, दोन, तीन आडव्या रेघा. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहन शिलालेख ज्यांनी पाहिला आहे त्यांना तिथल्या ब्राह्मी अंकांतला एक आणि दोन याच पद्धतीने, आडव्या रेघांनी, लिहिलेला आठवेल. दोन्हींचा परस्परसंबंध यावरून सिद्ध होत नाही, पण लिपी परकी असूनही डोळा क्षणभर थबकतो. अडचण चारपासून सुरू होते. तरीही एका आठवड्याच्या खेळात नऊ अक्षरे बोटांना पाठ होतात.

नंतर कानाला शब्द लागतात. रिईची म्हणजे आता एकाच सोंगटीची प्रतीक्षा आहे अशी जाहीर घोषणा, तिच्यासाठी एक हजार गुण पटावर ठेवायचे. दुसऱ्याने टाकलेल्यावर जिंकलो तर रोन, स्वतः उचललेल्यावर जिंकलो तर त्सुमो. हे शब्द पडद्यावर काताकाना लिपीत उमटतात. मौज अशी की हे शब्द टेबलावरून उठून रोजच्या जपानीत गेले आहेत. एका सोंगटीपाशी अडलेल्या हाताला ‘तेनपाई’ म्हणतात. त्यापासून ‘तेनपारु’, म्हणजे गोंधळून जाणे, हातघाईला येणे, हे क्रियापद झाले. यजमानपद टिकवून सलग डाव खेळणे म्हणजे ‘रेनचान’. आता एकामागून एक घडणाऱ्या कशालाही तो शब्द चालतो. टाकायला निर्धोक सोंगटी म्हणजे ‘आनपाई’, आणि ज्याच्यापासून कसलाही धोका नाही अशा माणसालाही तेच विशेषण लागते. मराठीत ‘हुकमी एक्का’ किंवा ‘डाव साधणे’ म्हणताना पत्ते आणि सोंगट्या कोणाच्या ध्यानात असतात? तसेच हे.

या इतिहासाची एक बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आर्केडमधल्या माहजाँगच्या मोठ्या भागात जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून पडद्यावरच्या तरुणीचे कपडे उतरत. निहोन बुस्सान, सेता अशा कंपन्यांनी हा प्रकार वर्षानुवर्षे चालवला. याला त्या काळाची निरागस गंमत म्हणणे आजही काही चाहत्यांना आवडते; ते पटण्यासारखे नाही. स्त्रीला बक्षिसाची वस्तू करणारा हा धंदा होता आणि ग्राहक पुरुषच असणार हे त्यात गृहीत होते. निर्यात न होण्याच्या अनेक कारणांतले हेही एक. मात्र याच कारणाने साऱ्या माहजाँग गेम्सना एका माळेत ओवणे हीसुद्धा चूक आहे. निन्टेंडोच्या कार्ट्रिजमध्ये सोंगट्यांखेरीज जवळजवळ काहीच नाही.

दुसरी तक्रार लबाडीची. दुसऱ्या-तिसऱ्या पाळीतच यंत्राने हात उघडून खेळाडूचे नाणे गिळावे, हा अनुभव आर्केडमध्ये इतका सार्वत्रिक होता की पुढे काही खेळांनी लबाडीलाच नियमांत जागा दिली. जालेको कंपनीच्या १९९३ पासूनच्या ‘सुची-पाई’ मालिकेत खेळाडूलाही ‘इकासामा’ म्हणजे हातचलाखीच्या युक्त्या वापरता येतात. यंत्र फसवते हे एकदा मान्य केल्यावर फिटंफाट करण्याचा हा मार्ग प्रामाणिकच म्हणावा लागेल.

बाहेरच्या खेळाडूला जे मिळत नाही तेही सांगितले पाहिजे. ‘खेळाला भाषा लागत नाही’ हे वाक्य ऐकायला गोड असले तरी अर्धेच खरे आहे. कातायामा मासायुकी यांच्या ‘ग्यानबुरा जिको चूशिनहा’ या विनोदी चित्रकथेवर गेम आर्ट्सने संगणकांसाठी खेळ काढला, त्यात प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा स्वभाव वेगळा आहे आणि खरी गंमत त्यांच्या बडबडीत आहे. ती बडबड न कळणाऱ्याच्या वाट्याला सोंगट्या येतात, माणसे येत नाहीत. सिगारेटचा धूर, शेवटची लोकल चुकल्यावर पहाटेपर्यंत चाललेले डाव, साहेबाला मुद्दाम जिंकू देण्याची कसरत, यांतले काहीही कार्ट्रिजमध्ये उतरलेले नाही. चाळिशी-पन्नाशीतल्या जपानी माणसाने तो खेळ सुरू केला की हे सारे त्याच्या मनातून पडद्यावर येते. परक्याला पडदाच दिसतो.

पण त्याला दुसरे काही मिळते. ज्याला हा खेळ लहानपणापासून ठाऊक होता त्याने या कार्ट्रिजांकडे वेळ घालवण्याचे साधन म्हणून पाहिले आणि नंतर ती अडगळीत टाकली. परका प्रत्येक शब्द कमावून पुढे सरकतो. पहिला रोन अक्षर ओळखून दाबला जातो तेव्हा त्यात महिन्याभराची मेहनत असते. जुन्या जपानी दुकानांत हीच कार्ट्रिजे कवडीमोलाने मिळतात, कारण संग्राहकांना मारिओ हवा असतो. कमी किमतीला आणखी एक अर्थ आहे : जे स्वस्त आहे ते जपण्याची घाई कोणाला नसते. आर्केडच्या पेट्यांचे तर अधिकच कठीण. त्यांतले छापील परिपथ आणि स्मृतिचिप कालांतराने निकामी होतात, चौदा बटणांची ती फळी दुसऱ्या कोणत्याही खेळाला उपयोगी नसल्याने आधी काढून टाकली जाते, आणि ज्या खेळाला जपानबाहेर प्रेक्षक नव्हता त्याची प्रत उतरवून ठेवण्याचा उत्साह बाहेर कुठून येणार?

काही अंशी तो आला आहे. ‘मेम’ या एम्युलेटरमध्ये जपानी माहजाँगच्या पेट्यांचा मोठा साठा चालू अवस्थेत जतन झालेला आहे. तिथे फळीवरची चौदा बटणे घरच्या कीबोर्डच्या ए ते एन याच अक्षरांवर बसवली आहेत. फरक एवढाच की घरच्या कीबोर्डवर ही अक्षरे ओळीने नसतात, त्यामुळे सोंगटी पडद्यावर शेजारी असली तरी बोटाला इकडून तिकडे उडी मारावी लागते. जुने खेळाडू याबद्दल कुरकुरतात.

निर्यातीची ती जुनी भिंतही हलू लागली आहे, पण सावकाश. सेगाचा ‘याकुझा ३’ २०१० मध्ये पाश्चात्त्य देशांत आला तेव्हा त्यातला माहजाँग आणि शोगी कापून टाकले होते. तिकडच्या खेळाडूंना ते कळणार नाही, असा हिशेब. २०१९ मध्ये त्याच खेळाची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा माहजाँग परत त्याच्या जागी होता. त्याच वर्षी जानेवारीत ‘फायनल फॅन्टसी १४’मध्येही जपानी नियमांचा माहजाँग दाखल झाला आणि जगभरचे खेळाडू राक्षस मारायचे सोडून टेबलाभोवती बसू लागले. गेम बॉयचा याकुमान मात्र अजून जपानीतच आहे. त्यात ना राक्षस आहेत ना टेबलाभोवतीचे सोबती. चार छटांचा पडदा, समोर मिटलेला हात, आणि खाली एका ओळीत आपल्या सोंगट्या.